खराब डीएनएची नक्कल करणारी यीस्टची एन्झाइम्स: त्यांच्या रचना स्वतः उघडून कशा वाचायच्या

अतिनील किरण पडले की डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना जोडले जातात. दोघांमध्ये दोन नवे सहसंयुज बंध तयार होतात, दुहेरी सर्पिल त्या जागी सुमारे ३० अंशांनी वाकतं आणि नक्कल करत आलेलं नेहमीचं एन्झाइम तिथेच अडतं. पेशीला मात्र विभाजन पूर्ण करायचं असतं. अशा वेळी ती काही खास पॉलिमरेझ पुढे करते. ही एन्झाइम्स दुरुस्ती करत नाहीत. खराब बेस जागच्या जागी ठेवून त्याच्यासमोर नवा न्यूक्लिओटाइड बसवतात आणि धागा पुढे नेतात. या कामाला ट्रान्सलिजन सिंथेसिस म्हणतात. बेकरीच्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, अशी तीन एन्झाइम्स आहेत: पॉल-ईटा, रेव्ह१ आणि पॉल-झीटा. तिन्हींच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत कुणालाही विनामूल्य पाहता येतात.

वर्गात या तिघांवर सरसकट ‘चुका करणारी पॉलिमरेझ’ असा शिक्का बसतो. माझ्या मते तो अर्धवट आहे आणि विद्यार्थ्याची दिशाभूल करतो. रचना उघडून पाहिली की दिसतं, प्रत्येकाने खराब बेसच्या अडचणीवर आपला वेगळा, नेमका उपाय काढला आहे. एकाने आपली खाच रुंद केली, दुसऱ्याने साचाच बाजूला सारला, तिसऱ्याने पुढची मजल मारण्याचं काम उचललं. हे वाचून पटण्यापेक्षा पाहून पटतं. म्हणून हा लेख लॅपटॉप शेजारी ठेवून वाचावा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाइतकं जीवरसायन येत असेल तर पुरे.

आधी थोडी तयारी

कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर ‘मोल-स्टार’ नावाचा दर्शक ब्राउझरमध्येच उघडतो. पुढे गंभीर काम करायचं ठरवलंत तर कायमेरा-एक्स किंवा पायमोल शिका, पण या लेखातलं सगळं मोल-स्टारमध्ये होतं.

लागणाऱ्या नोंदींचे चार अक्षरी संकेत इथे देवनागरीत दिले आहेत. शोधचौकटीत तीच अक्षरं रोमन लिपीत, मधल्या रेघा गाळून टाका.

पॉल-ईटा, डीएनएशिवाय: १-जे-आय-एच. पॉल-ईटा, थायमिन-जोडी असलेल्या डीएनएसह: ३-एम-एफ-आय. रेव्ह१, डीएनए आणि येणाऱ्या न्यूक्लिओटाइडसह: २-ए-क्यू-४. पॉल-झीटा, डीएनएसह: ६-व्ही-९-३. तुलनेसाठी नेहमीच्या कामाचं पॉल-डेल्टा: ३-आय-ए-वाय. आणि डीएनएभोवती बसणारं पीसीएनएचं कडं: १-पी-एल-क्यू.

नावांचाही थोडा घोळ आहे, तो आत्ताच निस्तरू. यीस्टमध्ये पॉल-ईटा बनवणाऱ्या जनुकाचं नाव रॅड३०. रेव्ह१, रेव्ह३ आणि रेव्ह७ ही नावं अतिनील किरण देऊनही उत्परिवर्तन उलटत नाही अशा यीस्टच्या वाणांवरून आली. रेव्ह१ आणि रेव्ह३ चे वाण लेमॉन्ट यांनी १९७१ मध्ये वेगळे केले होते, रेव्ह७ चे नंतर सापडले. पॉल-झीटा हे रेव्ह३, रेव्ह७, पॉल३१ आणि पॉल३२ या प्रथिनांचं मिळून बनतं. पीसीएनएचं जनुक मात्र पॉल३०. रॅड३० आणि पॉल३० यांची गल्लत करू नका, ती अनेकांची होते.

पायरी पहिली: चित्राआधी नोंदीचं पान वाचा

३-एम-एफ-आय उघडा आणि लगेच त्रिमितीय चित्राकडे धावू नका. पानावर चार गोष्टी शोधा.

पहिली गोष्ट, पद्धत आणि विभेदन. ही रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने मिळवलेली आहे आणि विभेदन २ अँगस्ट्रॉमच्या आतबाहेर आहे. एवढ्या बारकाव्यात अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या आणि पाण्याचे रेणूही नीट दिसतात. ३ अँगस्ट्रॉमच्या पुढे गेलं की मुख्य साखळी खात्रीची, मोठ्या बाजूच्या साखळ्या बऱ्यापैकी, बाकीचं अंदाजाचं. हायड्रोजनचे अणू मात्र दोन्हीकडे दिसत नाहीत. म्हणून चित्रात हायड्रोजन बंधाची तुटक रेघ दिसली की तो अंतरावरून काढलेला निष्कर्ष आहे हे लक्षात ठेवा.

दुसरी, प्रथिनाचा कितवा भाग स्फटिकात होता. यीस्टचं पॉल-ईटा ६३२ अमिनो आम्लांचं आहे, पण स्फटिकात फक्त पहिली ५१३ आहेत. रेव्ह१ ९८५ चं आहे, रचनेत साधारण २९७ ते ७४६. जे गाळलं आहे ते बिनमहत्त्वाचं मुळीच नाही, त्याकडे शेवटी येऊ.

तिसरी, बदल केलेले घटक. रासायनिक अभिक्रिया चालू असताना स्फटिक काढता येत नाही, ती कुठेतरी थांबवावी लागते. कधी प्रायमरच्या टोकाचा तीन-प्राइम हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात, कधी न तुटणारा न्यूक्लिओटाइड वापरतात, कधी मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम घालतात. कुठली युक्ती वापरली आहे ते पानावरच्या लहान रेणूंच्या यादीत दिसतं. ही यादी न वाचता सक्रिय केंद्रातली अंतरं मोजली तर निष्कर्ष हमखास चुकतात.

चौथी, पडताळणी अहवाल. त्यातल्या रंगीत पट्ट्या पाहा: आर-फ्री (रचना मोजमापांशी किती जुळते याचा आकडा), अणूंच्या टकरी, रामचंद्रन आलेखाबाहेरचे अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं). रामचंद्रन आलेख मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला. जगभरातली प्रत्येक प्रथिन-रचना आजही त्या कसोटीतून जाते.

पायरी दुसरी: हाताचे भाग ओळखा

आता त्रिमितीय दृश्य उघडा. पाणी लपवा आणि साखळीनुसार रंग द्या. प्रथिन एका रंगात, साचा-धागा दुसऱ्या, प्रायमर तिसऱ्या.

पॉलिमरेझची रचना उजव्या हातासारखी वर्णन करायची रीत आहे: तळवा, बोटं, अंगठा. पॉल-ईटामध्ये चौथा भागही आहे. २००१ मध्ये एनील अगरवाल यांच्या न्यूयॉर्कच्या गटाने गॅल्व्हेस्टनच्या सत्या प्रकाश आणि लुईस प्रकाश यांच्याबरोबर यीस्ट पॉल-ईटाची पहिली रचना सोडवली (तीच १-जे-आय-एच). या जादा भागाला त्यांनी पीएडी (पॉलिमरेझ-असोसिएटेड डोमेन) म्हटलं. इतर गट त्यालाच करंगळी म्हणतात. दोन्ही नावं चालतात, शोधनिबंध वाचताना गोंधळू नका.

ओळखायची सोपी खूण अशी. तळव्यात बीटा-पट्ट्यांची चादर आहे आणि त्यावर धातूचे आयन बसलेले दिसतात. पीएडी म्हणजे अनुक्रमातला ३९० च्या पुढचा भाग. अनुक्रम-पट्टीवर ३९५ ते ५०८ एवढा तुकडा निवडून वेगळा रंग द्या. मग डीएनए फिरवून पाहा: अंगठा लहान खोबणीच्या बाजूने आणि पीएडी मोठ्या खोबणीत, अशी दोघांनी मिळून डीएनएची पकड घेतलेली असते.

इथे जरा थांबून बोटं आणि अंगठ्याचा आकार पाहा. दोन्ही आखूड आणि बुटके आहेत. नेहमीच्या पॉलिमरेझमध्ये बोटांची एक लांब हेलिक्स नव्या बेस-जोडीवर येऊन घट्ट टेकते आणि जोडीचा आकार चुकला तर बसूच देत नाही. पॉल-ईटाकडे ती हेलिक्स नाही. म्हणून साध्या, न बिघडलेल्या डीएनएवर त्याची अचूकता कमी: दर शंभर ते हजार बेसमागे एखादी चूक. शिवाय चूक कापून टाकणारी एक्सोन्यूक्लिएज क्रियाही त्याच्याकडे नाही. शिक्का इथून आला. पण कथा इथे संपत नाही.

पायरी तिसरी: सक्रिय केंद्र गाठा, आणि क्रमांकांच्या सापळ्यात अडकू नका

अनुक्रम-पट्टीवर ॲस्पार्टेट ३०, ॲस्पार्टेट १५५ आणि ग्लुटामेट १५६ निवडा. धातूचे आयन हेच तिघं धरतात. १५५ आणि १५६ यांच्या जागी ॲलानिन घातलं की एन्झाइमची क्रिया बंद पडते आणि रॅड३० जनुक पेशीत असून नसल्यासारखं होतं, हे १९९९ मध्येच दाखवलं गेलं होतं. रचना मिळण्यापूर्वी केलेला तो प्रयोग रचनेने नंतर समजावून सांगितला.

सापळा असा: प्रत्येक नोंदीत अवशेषांना दोन क्रमांक असतात. एक डेटा बँकेने साखळीच्या सुरुवातीपासून मोजलेला, दुसरा संशोधकांनी दिलेला, मूळ प्रथिनाशी जुळणारा. मोल-स्टारमध्ये अवशेषावर माउस नेला की दोन्ही दिसतात, संशोधकांचा क्रमांक चौकटी कंसात. शोधनिबंधांतले आणि या लेखातले सगळे क्रमांक हे दुसऱ्या प्रकारचे आहेत. रेव्ह१ मध्ये दोन क्रमांकांतलं अंतर जवळपास तीनशेचं आहे. तिथे हे विसरलात तर भलत्याच अमिनो आम्लाकडे पाहत बसाल.

आता मोजमाप करा. धातू आणि त्याला धरणाऱ्या ऑक्सिजनमधलं अंतर मॅग्नेशियमसाठी साधारण २ ते २.३ अँगस्ट्रॉम असावं, कॅल्शियमसाठी थोडं जास्त. प्रायमरच्या टोकावर हायड्रॉक्सिल गट असेल तर त्याचा ऑक्सिजन आणि येणाऱ्या न्यूक्लिओटाइडचा अल्फा-फॉस्फरस यांतलं अंतर मोजा. ३ ते ४ अँगस्ट्रॉम आलं तर रचना अभिक्रियेच्या उंबरठ्यावर थांबलेली आहे. बरंच जास्त आलं तर आधी पायरी पहिलीतल्या लहान रेणूंच्या यादीकडे परत जा.

येणाऱ्या न्यूक्लिओटाइडच्या तीन फॉस्फेटभोवतालीही नजर टाका. टायरोसिन ६४, आर्जिनिन ६७ आणि लायसिन २७९ तिथे सापडतील.

पायरी चौथी: थायमिन-जोडी जवळून पाहा

हा या लेखाचा गाभा आहे, इथे वेळ द्या.

आधी साच्याची दिशा पक्की करा. पॉलिमरेझ साचा तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे वाचतं. म्हणजे जोडीतला तीन-प्राइम बाजूचा थायमिन आधी भेटतो, पाच-प्राइम बाजूचा नंतर. ३-एम-एफ-आय उघडा आणि तीत कुठला थायमिन येणाऱ्या न्यूक्लिओटाइडच्या समोर आहे ते स्वतः ठरवा. आधी उत्तर न वाचता ठरवलंत तर दिशा कायमची डोक्यात बसेल.

मग जोडीतल्या दोन थायमिनचे पाचव्या क्रमांकाचे कार्बन एकमेकांपासून किती दूर आहेत ते मोजा, सहाव्या क्रमांकाचेही. साध्या डीएनएमध्ये एकावर एक रचलेल्या बेसमध्ये सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम अंतर असतं. इथे ते दीड-पावणेदोन अँगस्ट्रॉमवर येतं, कारण मध्ये खराखुरा सहसंयुज बंध आहे. दोन बेस एकमेकांपासून दूर जाऊच शकत नाहीत.

याचा अर्थ समजून घ्यायला ३-आय-ए-वाय दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. हे पॉल-डेल्टा, यीस्टच्या गुणसूत्रांची रोजची नक्कल करणारं, २००९ मध्ये २ अँगस्ट्रॉम विभेदनाने सोडवलेलं. त्याच्या सक्रिय केंद्रात साच्याचा फक्त एक बेस मावतो. त्याच्या पुढचा बेस झपकन वळून बाहेर गेलेला दिसेल. थायमिन-जोडीतले दोन बेस बांधलेले असल्याने असं वळण घेता येत नाही. एकाला आत घ्यायचं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. पॉल-डेल्टा अडतं ते इथे.

पुन्हा पॉल-ईटाकडे या आणि प्रथिनाचा पृष्ठभाग दाखवा, थोडा पारदर्शक ठेवा. खाच इतकी उघडी आहे की दोन्ही थायमिन एकाच वेळी आत बसतात. येणारा ॲडेनिन समोरच्या थायमिनशी चक्क वॉटसन-क्रिक जोडी जमवतो. जोडीतल्या दोन्ही शर्करांच्या पहिल्या कार्बनमधलं अंतर मोजा, नेहमीच्या १०.५ अँगस्ट्रॉमच्या जवळ येईल. ग्लुटामिन ५५, आर्जिनिन ७३ आणि मेथिओनिन ७४ हे तिघं तिथे जोडी आणि येणारा न्यूक्लिओटाइड जागेवर धरून ठेवतात. त्यांच्यावर एकेक क्लिक करा, मोल-स्टार आजूबाजूचे सगळे संपर्क तुटक रेघांनी दाखवेल.

म्हणजे खाच रुंद आहे, पण आत सगळं सैल सोडलेलं नाही. या विशिष्ट जखमेसाठी तिथे आधार रचलेले आहेत. म्हणूनच पॉल-ईटा थायमिन-जोडीसमोर दोन ॲडेनिन बसवतं, तेही बिनचूक आणि न अडखळता. यीस्टमधून रॅड३० काढून टाकला की अतिनील किरणांनी होणारी उत्परिवर्तनं वाढतात. हे ‘चुका करणारं’ एन्झाइम उन्हाच्या जखमेसमोर पेशीला चुकांपासून वाचवतं. त्याची अचूकता मोजायची तर त्याच्या स्वतःच्या कामावर मोजायला हवी.

वेळ असेल तर १-जे-आय-एच आणि ३-एम-एफ-आय तळव्यावर तळवा ठेवून जुळवा. तळवा नीट बसेल, पीएडी मात्र सरकलेला दिसेल. तो उरलेल्या भागाशी लवचीक दुव्याने जोडलेला आहे, आणि डीएनए आल्यावरच आपली जागा पकडतो. संपूर्ण साखळी एकदम जुळवली तर ही हालचाल दोन्ही भागांत वाटली जाऊन धूसर होते. म्हणून जुळवणी नेहमी एका भागावर करा.

पॉल-डेल्टाशी जुळवणी करायची असेल तर अनुक्रमावरून होणार नाही, दोघं वेगळ्या कुळांतले आहेत: पॉल-ईटा वाय कुळातलं, पॉल-डेल्टा बी कुळातलं. अणू निवडून जुळवा. पॉल-ईटातले ॲस्पार्टेट ३० आणि १५५, पॉल-डेल्टातले ॲस्पार्टेट ६०८ आणि ७६४, आणि दोन्हीकडच्या येणाऱ्या न्यूक्लिओटाइडचा अल्फा-फॉस्फरस. कुळं वेगळी असली तरी दोन धातूंची रसायनक्रिया सारखी आहे, त्यामुळे ही जुळवणी अर्थपूर्ण ठरते.

पायरी पाचवी: रेव्ह१, जिथे प्रथिनच साचा होतं

मला या तिन्हींत सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे. २-ए-क्यू-४ उघडण्याआधी एक प्रश्न मनात ठेवा: नवा बेस कुठला बसवायचा हे पॉलिमरेझला कोण सांगतं? पाठ्यपुस्तकातलं उत्तर, समोरचा साच्याचा बेस. आता रचना उघडा.

येणारा न्यूक्लिओटाइड सायटोसिनचा आहे. साच्यात त्याच्यासमोर ग्वानिन असायला हवा. शोधा, जागेवर सापडणार नाही. तो सर्पिलाबाहेर वळलेला आहे, आणि बाहेर पीएडीच्या एका फाशाजवळ मेथिओनिन ६८५ आणि ग्लायसिन ६८६ यांच्या मुख्य साखळीने त्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलं आहे. त्याच्या मोकळ्या जागेत ल्युसिन ३२५ शिरलेलं आहे. आणि सायटोसिनशी जोडी जमवतंय ते आर्जिनिन ३२४, एन्झाइमचं स्वतःचं अमिनो आम्ल.

आर्जिनिनवर क्लिक करा आणि सायटोसिनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या ऑक्सिजनपर्यंत आणि तिसऱ्या क्रमांकाच्या नायट्रोजनपर्यंतची अंतरं मोजा. २.६ ते ३.३ अँगस्ट्रॉमच्या मर्यादेत असतील तर हायड्रोजन बंध मानायला हरकत नाही. आता कागदावर सायटोसिन आणि थायमिन शेजारी काढा. सायटोसिनच्या तिसऱ्या नायट्रोजनवर हायड्रोजन नाही, तो आर्जिनिनकडून बंध स्वीकारू शकतो. थायमिनच्या त्याच नायट्रोजनवर हायड्रोजन आहे, तिथे दोन देणारे समोरासमोर येतात आणि जमत नाही. ॲडेनिन आणि ग्वानिन मोठे, त्यांना तिथे जागाच पुरत नाही. रेव्ह१ जवळजवळ नेहमी सायटोसिनच बसवतं, हे १९९६ मध्ये नेल्सन, लॉरेन्स आणि हिंकल यांनी प्रयोगाने दाखवलं होतं. कारण मात्र २००५ च्या या रचनेने डोळ्यांना दाखवलं.

या शोधनिबंधाचे पहिले लेखक दीपक नायर पुढे फरिदाबादच्या रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीत आले. प्रथिन-स्फटिकशास्त्रात शिरू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांनी त्यांचं काम जरूर वाचावं.

या रचनेचा जैविक अर्थ दोन ठिकाणी लागतो. ग्वानिनच्या काठावर एखादी मोठी रासायनिक गाठ चिकटली असेल तर ग्वानिनच बाहेर ठेवल्यामुळे ती अडथळा करत नाही, आणि तरीही समोर योग्य बेस, म्हणजे सायटोसिनच, बसतो. बेस गळून पडलेल्या रिकाम्या जागेसमोरही रेव्ह१ सायटोसिन घालतं, तिथे मात्र मूळ बेस काय होता याची माहितीच उरलेली नसते.

इथे एक सवय लावून घ्या: इतका अनपेक्षित दावा वाचला की इलेक्ट्रॉन घनता पाहायचीच. आर्जिनिन ३२४ केंद्रात घ्या आणि मोल-स्टारच्या घनता-फलकातून जाळी चालू करा. बाजूच्या साखळीभोवती आणि बाहेर वळलेल्या ग्वानिनभोवती जाळी सलग असेल तर तो अणू तिथे खरोखर दिसलेला आहे.

पायरी सहावी: पॉल-झीटा, मोठं आणि वेगळ्या घराण्याचं

६-व्ही-९-३ ही क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने मिळालेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली रचना, ३.१ अँगस्ट्रॉमची. आधीच्या नोंदींपेक्षा इथे शिस्त जास्त लागते. ३.१ हा आकडा सरासरी आहे. मध्यभाग त्याहून स्पष्ट आणि कडेचे भाग धूसर असू शकतात. सोबतचा नकाशा उघडून कडांच्या हेलिक्स खरंच नकाशात बसतात का ते पाहा, आणि पाण्याच्या रेणूंवर इथे युक्तिवाद उभारू नका.

साखळीनुसार रंग दिला की आधी घटक मोजा. चार प्रथिनांची अपेक्षा असेल, दिसतील पाच साखळ्या: रेव्ह३, पॉल३१, पॉल३२ आणि रेव्ह७ च्या दोन प्रती. सगळे एकमेकांना धरून कड्यासारखा आकार करतात. पॉल३१ आणि पॉल३२ हे पॉल-डेल्टाचेही घटक आहेत, म्हणजे रोजचं एन्झाइम आणि हे आणीबाणीचं एन्झाइम एकच जोडीदार वापरतात. रेव्ह३ च्या शेवटच्या टोकाशी चार लोह आणि चार गंधकांचा पुंजका असतो, पॉल३१ त्याच टोकाला धरतं.

रेव्ह३ हे बी कुळातलं, म्हणजे पॉल-डेल्टाचंच नात्यातलं. सक्रिय केंद्रातले ॲस्पार्टेट ९७५ आणि ११४४ हे पॉल-डेल्टाच्या ६०८ आणि ७६४ च्या जागी येतात. दोन्ही जुळवून पाहा: साम्य खूप आहे, बोटंही नव्या जोडीवर मिटलेली. पॉल-ईटासारखी उघडी खाच इथे शोधू नका. एक्सोन्यूक्लिएजचा भाग आकाराने आहे, पण त्याची कापण्याची क्षमता गेलेली आहे.

मग हे ट्रान्सलिजनचं काम कसं करतं? प्रयोग सांगतात की याची खरी ताकद खराब बेससमोर पहिला न्यूक्लिओटाइड घालण्यात फारशी नाही, ती त्याच्या पुढच्या पायरीत आहे. दुसऱ्या कुणी तरी बेस बसवला, जोडी वाकडीतिकडी झाली, प्रायमरचं टोक बेढब झालं, की इतर पॉलिमरेझ तिथून पुढे जात नाहीत. पॉल-झीटा जातं. यीस्टमधून रेव्ह३ काढलं की अतिनील किरणांनी होणारी उत्परिवर्तनं जवळपास थांबतात. रॅड३० काढल्याच्या नेमकं उलट. दोन्ही एन्झाइम्स एकाच कप्प्यात टाकणं किती चुकीचं आहे ते या एका तुलनेतून कळतं.

पायरी सातवी: रचनेत जे नाही ते शोधा

बहुतेक मार्गदर्शिका ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते तिथेच समज अपुरी राहते. ही एन्झाइम्स बोलावल्याशिवाय कामावर येता कामा नयेत, नाहीतर साध्या डीएनएवरही चुका करत सुटतील. त्यांना बोलावण्याची सोय स्फटिकात नसलेल्या शेपटीत आहे.

१-पी-एल-क्यू उघडा. एकच प्रथिन-साखळी दिसेल आणि कडं कुठे गेलं असं वाटेल. स्फटिकाच्या सममितीमुळे नोंदीत फक्त एकतृतीयांश भाग साठवलेला आहे. दर्शकात ‘असेंब्ली’चा पर्याय निवडा, तीन प्रतींचं पूर्ण कडं उभं राहील. आता लायसिन १६४ निवडा. तीन प्रतींवर तीन जागा मिळतील, कड्याच्या बाहेरच्या अंगाला. नक्कल अडली की रॅड६ आणि रॅड१८ ही जोडी इथे युबिक्विटिन हे लहान प्रथिन चिकटवते.

पॉल-ईटाच्या शेपटीत युबिक्विटिन ओळखणारा यूबीझी हा छोटा भाग आहे, आणि ६२० च्या पुढे, अगदी टोकाशी, पीसीएनएला धरणारा पीआयपी हा तुकडा. दोन्ही ५१३ च्या पलीकडचे, म्हणून आपण पाहिलेल्या एकाही चित्रात नाहीत. रेव्ह१ चंही तसंच: सुरुवातीला बीआरसीटी भाग, शेवटी युबिक्विटिन धरणारे तुकडे, आणि अगदी टोकाला पॉल-झीटा आणि पॉल-ईटा या दोघांना जोडून घेणारा भाग. रेव्ह१-१ हा प्रसिद्ध वाण बीआरसीटी भागातल्या ग्लायसिन १९३ च्या जागी आर्जिनिन आल्यामुळे बिघडतो, सक्रिय केंद्राला धक्का न लागताही. रेव्ह१ चं पेशीतलं बरंचसं काम इतरांना एकत्र आणण्याचं आहे, ते या एका बदलावरून दिसतं.

शेपट्या पाहायच्या असतील तर संगणकाने अंदाजलेल्या रचनांच्या, अल्फाफोल्डच्या भांडारात यीस्टचं पूर्ण पॉल-ईटा उघडा. गडद निळा रंग म्हणजे अंदाज भरवशाचा, पिवळा आणि नारिंगी म्हणजे कमी भरवशाचा. नारिंगी फाशांचा आकार खरा मानून अंतरं मोजू नका. तो भाग कदाचित एका आकारात राहतच नाही, एवढंच त्यातून वाचा.

सरावासाठी दोन कामं

२-आर-८-जे ही नोंद उघडा. यीस्टचं हेच पॉल-ईटा, पण समोर सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाने जोडलेले दोन ग्वानिन. प्लॅटिनमचा अणू शोधा, तो दोन्ही बेसना कुठल्या नायट्रोजनवर बांधतो ते पाहा, आणि थायमिन-जोडीच्या रचनेवर हे चित्र तळव्याने जुळवा. ग्लुटामिन ५५, आर्जिनिन ७३ आणि मेथिओनिन ७४ किती हलले ते नोंदवा. हे एन्झाइम सिस्प्लॅटिनची जखम ओलांडतं, म्हणजेच कर्कपेशींनाही औषधातून निसटायला मदत करू शकतं. म्हणून या खाचेचा अभ्यास औषधशास्त्रातही होतो.

दुसरं काम माणसाच्या पॉल-ईटाचं. ३-एम-आर-३ ही नोंद यीस्टच्या रचनेबरोबरच २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत माणसाचं एन्झाइम थायमिन-जोडीसमोर उभं आहे. यीस्टच्या ग्लुटामिन ५५ च्या जागी माणसात ग्लुटामिन ३८ येतं, आर्जिनिन ७३ च्या जागी आर्जिनिन ६१, टायरोसिन ६४ च्या जागी टायरोसिन ५२, लायसिन २७९ च्या जागी लायसिन २३१. चारही जुळवून तपासा. माणसात हे एन्झाइम निकामी असलं की झेरोडर्मा पिग्मेंटोसम या ऊन न सोसणाऱ्या आनुवंशिक आजाराचा व्हेरियंट प्रकार होतो: उन्हाने झालेल्या थायमिन-जोड्यांसमोर कमी अचूक पॉलिमरेझना उभं राहावं लागतं, आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.